यादी बाजूला ठेवा, आधी एक भांडण वाचा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय सव्वीस, इंजिनिअरिंग करून नोकरी, कॉलेजात साहित्याचा संबंध आला नाही. आता एकोणिसाव्या शतकातलं साहित्य आणि तत्त्वज्ञान ‘पद्धतशीर’ वाचायचंय. कुठूनतरी पन्नास पुस्तकांची यादी उतरवून घेतलीत. ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ तीनदा उघडलंत आणि तिन्ही वेळा शंभर पानांच्या आत खूण घालून ठेवून दिलंत. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं ‘झरथुष्ट्र’ विकत आणलंत, ते उशाशी धूळ खातंय. आणि विचारताय की या पन्नासांतली दहा निवडून क्रम लावून द्या. कादंबऱ्या आधी की तत्त्वज्ञान आधी. मराठीत वाचू की इंग्रजीत.

दहा नावं मी आत्ता देऊ शकते. त्यानं पन्नासांची यादी दहांची होईल, खूण मात्र शंभराव्या पानाच्या अलीकडेच राहील.

ही पुस्तकं आज आपल्याला जाड बांधणीत, एकेकटी, ‘अभिजात’ असा शिक्का मारून मिळतात. लिहिली गेली तेव्हा त्यांतली बरीचशी मासिकांत हप्त्याहप्त्यानं येत होती, आणि पुष्कळदा कुणालातरी उत्तर म्हणून येत होती. आपण दीडशे वर्षांनी पोचतो ते भांडण अर्ध्यावर आल्यावर चाळीच्या गॅलरीत आलेल्या शेजाऱ्यासारखे. एकाचा चढलेला आवाज ऐकू येतो, पण तो कुणावर चिडलाय, आधी काय झालं, काही कळत नाही. दहा मिनिटं उभं राहून आपण घरात जातो. तुम्ही तीनदा घरात गेलात, एवढंच झालंय. त्यात तुमच्या बुद्धीचा किंवा चिकाटीचा काही प्रश्न नाही.

आता, माझं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. आठवड्याला तास किती मिळतात, इंग्रजी वाचताना दमायला होतं का, आणि मुळात तुम्हाला गोष्ट हवीय की वाद हवाय. मी धरून चालते की चार-पाच तास मिळतात, इंग्रजी कामापुरतं बरं आहे, आणि नीत्शे विकत आणलात म्हणजे वादाची हौस आहे. फक्त गोष्टीत रमणारे असाल तर पुढचं सगळं सोडा आणि सरळ डिकन्सचं ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ घ्या, मजेत जाईल.

मी सत्तावीस वर्षं एका तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञान शिकवलं. गेली अकरा वर्षं तिथल्याच सार्वजनिक वाचनालयात रविवारी सकाळी आमचं एक वाचनमंडळ बसतं. पहिल्या वर्षी मीही यादीच केली होती. तरुण मंडळींच्या आग्रहानं सुरुवात ‘झरथुष्ट्र’नं केली. पहिल्या रविवारी चौदा माणसं, तिसऱ्या रविवारी चार, त्यांतले एक वाचनालयाचे शिपाई, कारण त्यांना कुलूप लावायचं होतं. तेव्हा यादी फाडली आणि ठरवलं की पुस्तकं वाचायची नाहीत, एक भांडण वाचायचं. तेव्हापासून नव्या माणसाला मी तेच भांडण देते. ते रशियातलं आहे आणि साधारण चार वर्षांत, १८६२ ते १८६६ या काळात, घडतं.

पार्श्वभूमी एका वाक्याची. १८६१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरनं भूदासांची प्रथा रद्द केली, आणि आता पुढे काय करायचं, यावर सगळा शिकलेला रशिया बोलू लागला. उघड राजकीय लेखनावर सेन्सॉरची कात्री होती, म्हणून बोलणं कादंबऱ्यांतून आणि पुस्तक-परीक्षणांतून होत होतं. तुमच्या ‘कादंबरी आधी की तत्त्वज्ञान आधी’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. त्या दशकातल्या रशियात हे दोन वेगळे कप्पे नव्हते.

फेब्रुवारी १८६२ मध्ये ‘रुस्की व्हेस्तनिक’ या मासिकात तुर्गेनेव्हची ‘फादर्स अँड सन्स’ आली. अडीचशेच्या आतबाहेर पानं. अर्कादी नावाचा मुलगा पदवी घेऊन वडिलांच्या शेतावर परत येतो आणि सोबत मित्र आणतो, बझारोव्ह. हा डॉक्टरकीचा विद्यार्थी, बेडूक चिरतो, कुणापुढे मान तुकवत नाही, आणि एक चांगला रसायनशास्त्रज्ञ कुठल्याही कवीपेक्षा वीसपट उपयोगी असं चहाच्या टेबलावर सांगतो. ‘निहिलिस्ट’, म्हणजे कुठलंच तत्त्व किंवा अधिकार न मानणारा, हा शब्द घरोघरी पोचवला तो या कादंबरीनं. त्यात एक छोटा प्रसंग आहे. अर्कादीचे वडील कवी पुश्किन वाचत बसलेत. मुलगा येतो, हसऱ्या चेहऱ्यानं, लहान मुलाच्या हातातून काढून घ्यावं तसं ते पुस्तक काढून घेतो आणि त्या जागी ब्यूख्नरचं ‘शक्ती आणि द्रव्य’ ठेवतो. ब्यूख्नर हा जर्मन जडवादी, त्याचं हे पुस्तक १८५५ चं, तेव्हा तरुणांत फार चाललेलं. आमच्या मंडळात हा प्रसंग वाचल्यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक बागायतदार गृहस्थ म्हणाले, “आमच्याकडं पुस्तक नव्हतं, पोथी होती. बाकी सगळं असंच.”

तुर्गेनेव्हचं कौशल्य असं की तो बझारोव्हला खोडूनही काढत नाही आणि डोक्यावरही घेत नाही. त्यामुळे झालं काय, दोन्हीकडून मार बसला. जुन्यांना वाटलं यानं पोरांना चढवून ठेवलं. ‘सोव्रेमेन्निक’ मासिकातल्या तरुणांना वाटलं यानं आपली टर उडवली. त्याच मेमध्ये पीटर्सबर्गमध्ये मोठ्या आगी लागल्या, तेव्हा रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसानं त्याला ऐकवलं, बघा तुमचे निहिलिस्ट काय करतायत ते. एका पात्रासाठी लेखकाला असं रस्त्यात गाठलं जात होतं, यावरून वातावरणाची कल्पना करा.

आता उत्तर. चेर्निशेव्हस्की हा ‘सोव्रेमेन्निक’चा मुख्य विचारवंत, जुलै १८६२ मध्ये पकडला गेला. पीटर-पॉलच्या किल्ल्यात असताना त्यानं ‘व्हॉट इज टू बी डन?’ ही कादंबरी लिहिली. तिचं उपशीर्षकच ‘नव्या माणसांविषयी’ असं. म्हणजे तुम्ही बझारोव्ह दाखवलात ना, आता खरी नवी माणसं मी दाखवतो. हस्तलिखित तुरुंगातून बाहेर आलं, संपादक नेक्रासोव्हकडून ते रस्त्यात हरवलं, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन परत मिळवलं, आणि १८६३ मध्ये छापूनही आलं. चूक लक्षात आली तोवर ते सगळीकडे पोचलं होतं.

स्पष्ट सांगते, ही कादंबरी म्हणून सामान्य आहे. पात्रं भाषणं करतात. सगळी वाचू नका. व्हेरा पाव्हलोव्हना शिवणकामाची सहकारी संस्था काढते तो भाग वाचा, राख्मेतोव्ह नावाचा खिळ्यांवर झोपून स्वतःची परीक्षा घेणारा क्रांतिकारक आहे त्याचं प्रकरण वाचा, आणि व्हेराचं चौथं स्वप्न वाचा. त्या स्वप्नात भविष्यातली माणसं लोखंड आणि काचेच्या प्रचंड प्रासादात आनंदानं राहतात. हा प्रासाद लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून घेतलेला, १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभारलेला आणि नंतर सिडनहॅमला हलवलेला. मागचा विचार असा: माणूस स्वतःचं हित पाहतो, त्याला खरं हित कशात आहे ते नीट समजलं की तो आपोआप चांगलं वागेल, म्हणजे समाज हिशेबानं बसवता येईल. साहित्य म्हणून सामान्य असलं तरी परिणाम पाहा, लेनिननं १९०२ साली आपल्या पुस्तिकेला हेच नाव दिलं.

आणि या काचेच्या प्रासादाला जीभ काढून दाखवायला १८६४ मध्ये येतो तुमच्या ‘कारामाझोव्ह’चाच लेखक, दोस्तोयेव्हस्की. ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’. सव्वाशे पानं. पहिलंच वाक्य, मी आजारी माणूस आहे. चाळिशीतला नोकरी सोडलेला कारकून, कोंदट खोलीत बसून अदृश्य ‘महाशयांशी’ हुज्जत घालतोय. तुम्ही हे पुस्तक एकटं उघडलंत तर पंधराव्या पानावर वाटेल, हा वेडा कोणाशी भांडतोय? चेर्निशेव्हस्कीची थोडी पानं आधी वाचली असतील तर प्रत्येक वाक्य कुठे जाऊन लागतंय ते दिसतं. दोन दुणे चार हे उत्तम, पण मला चार आवडलं नाही तर? तुमच्या प्रासादात चोरून जीभ काढता येणार नसेल तर मला तो नको. माणसाला हितापेक्षाही स्वतःच्या मर्जीनं वागणं जास्त प्यारं आहे, मग ती मर्जी मूर्खपणाची का असेना. दुसऱ्या भागात तर तो चेर्निशेव्हस्कीचे प्रसंगच उलटे करून लिहितो. तिथे नवा माणूस रस्त्यात बड्या असामीला वाट देत नाही आणि प्रसंग एका परिच्छेदात संपतो. इथे हा बिचारा नेव्हस्की रस्त्यावर एका अधिकाऱ्याला खांदा लावता यावा म्हणून उसने पैसे काढून कोटाला चांगली कॉलर बसवून घेतो. आमच्या मंडळात एस.टी. डेपोतून निवृत्त झालेले एक क्लार्क आहेत. ते म्हणाले, “मॅडम, हा आमच्या ऑफिसात होता.” माझ्या मते या पुस्तकावरची ती सगळ्यात नेमकी टीका आहे.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. पहिल्या भागाचं दहावं प्रकरण तुटक वाटेल. तुमचं चुकत नाहीये. दोस्तोयेव्हस्कीनं भावाला पत्र लिहून तक्रार केली होती की सेन्सॉरनं टवाळी तशीच ठेवली आणि श्रद्धेची गरज जिथे मांडली होती तोच भाग उडवला. त्या दिवसांत त्याची बायको मरणाला टेकली होती आणि तो तिच्या उशाशी बसून दुसरा भाग लिहीत होता. पुस्तकातला कडवटपणा नुसता वैचारिक नाही.

यानंतर लगेच ‘क्राइम अँड पनिशमेंट’कडे धावू नका. मध्ये तीन आठवडे इंग्लंडला जाऊन या. कारण हा हिताचा हिशेब रशियात आला तो बराचसा तिकडून. चेर्निशेव्हस्कीनं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या अर्थशास्त्राच्या ग्रंथाचं रशियन भाषांतरच केलं होतं, स्वतःच्या टीपा जोडून. पण मिलचं ‘युटिलिटेरियनिझम’ (उपयुक्ततावादावरचं पुस्तक) नको, त्याच्या आत्मचरित्राचं पाचवं प्रकरण वाचा. पुस्तक १८७३ चं, प्रसंग १८२६ चा. तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवून, हिशेबानं घडवलेला हा मुलगा विसाव्या वर्षी स्वतःला विचारतो: समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात असं मला वाटतं त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर मी सुखी होईन का? आतून उत्तर येतं, नाही. पुढचे महिने तो कोसळलेला असतो, आणि बाहेर येतो तो अंशतः वर्ड्स्वर्थच्या कविता वाचून. म्हणजे बझारोव्हनं ज्यांना निकालात काढलं, त्या कवींपैकीच एकानं हिशेबाच्या घराण्यातल्या पोराला सावरलं. ही दोन पानं आणि दोस्तोयेव्हस्कीची पानं शेजारी ठेवून वाचा. एक सभ्य इंग्रज आणि एक चिडका रशियन एकाच दारावर धडका देतायत.

मग ‘ऑन लिबर्टी’, १८५९. फक्त दुसरं आणि तिसरं प्रकरण, विचारस्वातंत्र्य आणि व्यक्तित्व. एवढा निरागस दिसणारा हा माणूस पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, आणि ‘ऑन लिबर्टी’च्या पहिल्याच प्रकरणात हे स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांना लागू नाही असं स्वच्छ लिहून जातो. ते वाक्य टाळू नका, थांबून वाचा. गंमत अशी की ज्यांना त्यानं बाहेर ठेवलं त्यांच्यातल्याच आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवून आपल्याच समाजावर ते हत्यार चालवलं. ‘सुधारक’मधले त्यांचे निबंध (पत्र सुरू झालं १८८८ ला) मिलच्या दुसऱ्या प्रकरणानंतर वाचले की शाळेत पाठ केलेले आगरकर एकदम जिवंत माणूस वाटायला लागतात. शिवाय रशियातली भूदासमुक्ती वाचताना जोतीराव आठवल्याशिवाय राहत नाहीत: अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या तिथल्या लोकांना त्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अर्पण केली आहे. भूगोल लांबचा असला तरी दशकं तीच आहेत.

यापुढे ‘क्राइम अँड पनिशमेंट’. १८६६, ‘रुस्की व्हेस्तनिक’मध्येच वर्षभर हप्त्यांनी. आता यातला खुनाचा विचार तुम्हाला ओळखीचा वाटेल. एक विद्यार्थी आणि एक अधिकारी खानावळीत बोलत असतात: एक निरुपयोगी म्हातारी मारली आणि तिच्या पैशांनी शेकडो आयुष्यं सावरली तर? साधं अंकगणित आहे. कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह शेजारच्या टेबलावर बसून ऐकतो. दोन दुणे चारचीच ही पुढची पायरी, फक्त आता हातात कुऱ्हाड आहे. पाचशेच्या वर पानं आहेत, पण ही पानं अडवत नाहीत. माझ्या अनुभवात सगळ्यात वेगानं वाचलं जाणारं पुस्तक हेच.

त्यातली एक बारीक जागा मला फार आवडते. दारुडा मार्मेलादोव्ह सांगतो की शेजाऱ्यानं आपल्या मुलीला, सोन्या तिचं नाव, लुइसचं ‘फिजिऑलॉजी’ वाचायला दिलं होतं. हा लुइस म्हणजे ‘जॉर्ज एलियट’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेचा जोडीदार, आणि एलियटनं स्वतः जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखचं धर्मचिकित्सेचं पुस्तक इंग्रजीत आणलेलं. लंडनच्या एका घरातलं पुस्तक पीटर्सबर्गच्या गरीब मुलीच्या हातात. एलियटचं ‘मिडलमार्च’ तुमच्या यादीत वरच्या पाचांत असेल. ते थोर आहेच, पण मला ते पस्तिशीनंतर कळलं. लग्न, नोकरी आणि अर्धवट राहिलेले संकल्प यांचा थोडा अनुभव गाठीला लागतो. घाई नको.

नीत्शेचं काय? तो आता येऊ द्या. १८८६-८७ च्या हिवाळ्यात त्याला ‘अंडरग्राउंड’ फ्रेंच भाषांतरात सापडलं आणि तो हरखून गेला. मानसशास्त्रज्ञांपैकी ज्याच्याकडून मला काही शिकायला मिळालं असा हा एकटाच, असं त्यानं नंतर लिहिलं. त्याच १८८७ साली त्याचं ‘जिनिऑलॉजी ऑफ मॉरल्स’ आलं. त्यातला पहिला निबंध, मनात कुजत राहिलेल्या सूडभावनेबद्दलचा, तुम्ही अंडरग्राउंडचा कारकून भेटल्यावर वाचाल तेव्हा तो अमूर्त राहणार नाही. ‘झरथुष्ट्र’ मात्र उशाशीच राहू द्या. ते आधीच्या विचारांचं काव्य आहे; विचार माहीत नसताना नुसती घोषणाबाजी वाटते, आणि तीच वाक्यं मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. हेगेल आणि शोपेनहाउअर सध्या नकोत. मी दोन्ही शिकवलेत, म्हणूनच म्हणते.

म्हणजे चार-पाच महिन्यांचा क्रम झाला तो असा: तुर्गेनेव्ह पूर्ण, चेर्निशेव्हस्की निवडक, ‘अंडरग्राउंड’ पूर्ण आणि पहिला भाग दोनदा, मिलची तीन प्रकरणं, जोडीला आगरकर, मग ‘क्राइम अँड पनिशमेंट’, शेवटी नीत्शेचा एक निबंध. मध्ये कंटाळा आलाच तर टॉलस्टॉयची ‘द डेथ ऑफ इव्हान इल्यिच’ (१८८६) एका रविवारी वाचून टाका. ती या भांडणाच्या बाहेरची आहे. तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं ‘सर्व माणसं मर्त्य आहेत, कायस माणूस आहे’ हे उदाहरण त्यात येतं आणि मरणाऱ्या न्यायाधीशाला वाटतं, हे कायसला ठीक आहे, पण मी कायस थोडाच आहे? मी वीस वर्षं हेच उदाहरण फळ्यावर लिहीत होते. गोष्ट वाचल्यानंतरच्या वर्षी लिहिताना खडू अडखळला.

भाषेचं. चांगलं मराठी भाषांतर हाती लागलं तर जरूर घ्या, पण दोन पानं वाचून पाहा. संक्षिप्त रूपांतर असेल तर वाद गळून फक्त कथानक उरतं, आणि इथे तर आपल्याला वादच हवाय. इंग्रजीत कॉन्स्टन्स गार्नेटची जुनी भाषांतरं फुकट मिळतात आणि सुरुवातीला पुरतात. ‘अंडरग्राउंड’साठी मात्र नवं भाषांतर विकत घ्या, त्या माणसाची तिरकस जीभ जुन्या इंग्रजीत जरा सभ्य होते.

रशियन नावांना लोक उगाच भितात. आपल्याला तर ती सोपी जायला हवीत. रोदिऑन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आपल्या रेशनकार्डासारखंच. आणि घरात तो रोद्या, जसा आपल्याकडे दत्तात्रयाचा दत्तू. पहिल्या पानावर पेन्सिलीनं कोण कोणाचा कोण ते लिहून ठेवा, दोन दिवसांत गरज संपते. हप्त्यांचं तंत्रही वापरा. मूळ वाचकांना ‘कारामाझोव्ह’ १८७९-८० मध्ये जवळपास दोन वर्षं पुरली होती. तुम्ही ती पंधरा दिवसांत संपवायला निघालात. हे सगळं झाल्यावर तिच्याकडे चौथ्यांदा जा.

सुरुवात या शनिवारी ‘फादर्स अँड सन्स’नं करा. शेवटची दोन पानं तेवढी ऑफिसच्या बसमध्ये वाचू नका. मी ती सांगली-पुणे एस.टी.त वाचली होती, आणि कराडच्या अलीकडे शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे करून विचारलं होतं, “घरी कुणाला काही झालंय का?”